शनिवारचे कांदे

तेरावा कांदा आतून कुजका निघाला. कुजका कांदा सोललेल्यात धरायचा की नाही, यावर माझ्यासमोर तीन मुलांचे भांडण चालले आहे. ते हिब्रूत भांडत आहेत, म्हणजे सावकाश भांडत आहेत. एकाला शब्द आठवेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. (भांडणाची ही पद्धत मला आवडली. आपल्या युनियनच्या बैठकांत ती असती तर निम्मी भांडणे जेवणाच्या सुट्टीपर्यंत विझली असती.) निकाल लागेपर्यंत सुरी खाली ठेवायची मला मुभा आहे. तेवढ्यात तुम्हाला लिहितो.

शंकरराव, तुम्हाला जय भीम. भागीरथीवहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींनी तेल गरम करून दिले की तुम्ही ते लावता, की बाटलीत परत ओतता? माझी तब्येत उत्तम आहे. डोळे तेवढे सुजले आहेत. कागदावर कुठे पाण्याचा डाग दिसला तर तो कांद्याचा समजावा. पुढेही जिथे जिथे दिसेल तिथे कांद्याचाच समजावा.

आता खरे सांगतो. मी पनवेलला चुलतभावाकडे हवापालटाला गेलो आहे असे तुम्हाला सांगितले होते. मी पनवेलला नाही. अंबरनाथहून एक स्टेशन पुढे, बदलापूरला आहे, हेंद्रेपाड्यातल्या एका शाळेत, आणि तरीही दहा दिवस झाले परदेशात आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी होती. ती आमच्या समाजाने मागून घेतली आणि मुलांचे हिब्रूचे शिबिर भरवले. शिबिराची रीत अशी की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत हिब्रूच बोलायची. दात घासायला पाणी हवे असेल तर हिब्रूत मागायचे. नाही मागता आले तर दात तसेच ठेवायचे. कल्याण, ठाणे, पनवेल, अंबरनाथ इथून आलेली सव्वीस मुले आहेत. सगळ्यात लहान नऊ वर्षांचे, सगळ्यात मोठे सोळाचे. आणि मग एकदम मी, त्रेसष्टचा. मला निरीक्षक म्हणून यायची परवानगी मिळाली होती. पहिल्या दिवशी बसायला निरीक्षकाची खुर्ची सापडली नाही, म्हणून चौथीच्या बाकावर बसवले. तेव्हापासून मी विद्यार्थी आहे. गुडघे बाकाखाली जात नाहीत, त्यामुळे एक पाय वर्गात आणि एक पाय मधल्या वाटेत असतो.

तुम्ही म्हणाल, रूबेन, सबंध आयुष्य तू टूलरूममध्ये काढलेस, आता या वयात कशाला. कारण लहान आहे. पाच वर्षांचे आहे. नोआ, आपल्या बेनीची मुलगी. (बेनी म्हणजे तोच, ज्याने तुमच्या सायकलचे ब्रेक दुरुस्त करतो म्हणून काढून नेले आणि मग तुम्ही महिनाभर चपलेने थांबत होतात.) बेनी इस्रायलला, अश्दोदच्या बंदरात क्रेन चालवतो. सून मोरोक्कोच्या घराण्यातली. बेनीला तिची भाषा येत नाही, तिला बेनीची येत नाही, म्हणून घरात हिब्रू. पोरीच्या कानावर मराठी पडण्याचे काही कारणच नाही. सप्टेंबरात आमच्या नव्या वर्षाला फोन केला तेव्हा बेनीने तिला फोनवर उभे केले. ती काहीतरी बोलली. मला कळले नाही. मी थांबलो. ती थांबली. समुद्राचा आवाज येत होता तेवढाच. आता माझ्याजवळ हिब्रू कोणती? प्रार्थनेची. लहानपणापासून पाठ असलेली. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी भाकरीच्या आधी म्हणायचा आशीर्वाद म्हटला, अथपासून इतीपर्यंत, चांगल्या चालीत. तिकडून नोआ 'आमेन' म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

तिचे काही चुकले नाही. प्रार्थना संपली की आमेनच म्हणायचे असते. पण शंकरराव, घरी येऊन मी बराच वेळ चप्पल न काढता बसलो. हन्ना, तिची आजी, आज असती तर तिने भाषेवाचून बोलून दाखवले असते. ती मांजराशी बोले, शेजारच्या मल्याळी बाईशी बोले, दोघांचेही तिला कळे. मला ते जमत नाही. मला मापाचा स्पॅनर लागतो. उद्या रविवारी पुन्हा फोन लावायचा आहे. त्यांचे सात वाजतात तेव्हा आपले साडेदहा. ती शाळेत जायच्या आधी. मला आमेनच्या पुढे जायचे आहे. एवढ्याचसाठी मी इथे आहे.

शिकवायला हैफाहून तामार नावाची मुलगी आली आहे. वय चोवीस. बाई म्हणायचे नाही, नुसते तामार म्हणायचे, असा तिचा पहिला हुकूम. आमच्या मुलांना तो दोन दिवस जमला नाही. ती 'तामारबाई' म्हणत आणि 'बाई' मराठी शब्द म्हणून शिक्षा होई. पहिल्या दिवशी तिने मला हिब्रूत काही बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, टोपी सरळ केली, आणि मला येत होते ते म्हटले. तिने डोळे मिटून ऐकले. मग आमच्या समाजाच्या सेक्रेटरींना इंग्रजीत काही सांगितले आणि त्यांनी ते मला मराठीत सांगितले: आजोबांची हिब्रू फार सुंदर आहे, पण ताम्रपटातल्या मराठीत कोणी बसचे तिकीट मागावे तशी आहे. कंडक्टर नमस्कार करील, तिकीट देणार नाही. (हे मराठीत सांगितल्याबद्दल सेक्रेटरींना पहिली शिक्षा झाली.)

शिक्षा म्हणजे कांदा. तामार ज्या वसाहतीत वाढली तिथे सगळे पाळीपाळीने स्वयंपाकघरात बसतात, त्यावरून तिला ही कल्पना सुचली. मराठी एक शब्द, की एक कांदा सोलायचा. पहिल्याच संध्याकाळी सबंध पोते सोलून झाले. सत्तावीस माणसांना लागतील त्याच्या दहापट कांदे. दोन दिवस सकाळी कांदेपोहे, दुपारी कांद्याची भाजी, चार वाजता भजी, रात्री पिठलेकांदा. तिसऱ्या दिवशी मुलांच्या आयांनी सुट्टीत भेटायला येऊन पोरांना जवळ घेतले आणि लगेच सोडले. मग नियमात दुरुस्ती झाली. शब्दाला नाही, एका वाक्याला एक कांदा. तेव्हापासून मुले मराठीत बोलतात तेव्हा फार लांब वाक्ये बोलतात. 'आणि' आणि 'पण' यांच्यावर सगळी भिस्त आहे. अकरा वर्षांची डीबोरा नावाची मुलगी मुकादम आहे. तिचे वडील अंबरनाथला आपल्या गल्लीच्या मागे राहतात. बोलणाऱ्याने श्वास घेतला की तिच्या लेखी वाक्य संपले. दया नाही. ही मुलगी आपल्या इन्स्पेक्शन विभागात असती तर एक नट बाहेर गेला नसता.

पुस्तकांची गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण ती उल्हासनगरची आहे. धड्यांची पुस्तिका छापायला सेक्रेटरींनी तिथल्या एका म्हाताऱ्या सिंधी छापखानेवाल्याला दिली. स्वस्त आणि मस्त. पुस्तिका बांधून आल्या तेव्हा सेक्रेटरींनी उघडून पाहिले तर पहिले पान शेवटी. ते संतापले. पुस्तक उलटे बांधलेस म्हणून त्यांनी त्या म्हाताऱ्याला उभे-आडवे घेतले. तो सांगत राहिला, 'साईं, यही सीधा है.' ऐकतो कोण. सगळ्या पुस्तिका उसवून पुन्हा बांधून घेतल्या. त्या घेऊन तामारसमोर ठेवल्या तेव्हा ती शेवटचे पान उघडून पहिला धडा शोधू लागली. शंकरराव, हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. सिंधीसुद्धा, त्यांची जुनी लिपी, तशीच वाचतात. त्या म्हाताऱ्याला न सांगता जे कळले, ते आमच्या सेक्रेटरींना दर शनिवारी हातात प्रार्थनेचे पुस्तक धरूनही कळले नाही. पुस्तक म्हटले की त्यांचा हात मराठी होतो. (माझाही झाला असता. मी त्यांना हसलो नाही. हसलो, पण नंतर.) आता आम्ही शेवटापासून सुरुवातीकडे शिकतो. पहिल्या दिवशी 'निरोप' हा धडा झाला. 'ओळख' उद्या सकाळी आहे.

स्वयंपाकाला विठाबाई आहे. मांजर्लीची. नदीकाठी राहणारी बाई, त्यामुळे जे वाहत येईल त्याचा उपयोग करायची तिला सवय आहे. आमच्या समाजाचे खाण्यापिण्याचे नियम तिला सेक्रेटरींनी अर्धा तास समजावले. दूध आणि मटण एकत्र नाही, मासा खवल्यांचाच, वगैरे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, माझ्या सासूचे सोवळे यापेक्षा कडक होते. तिला भाषेचा नियम लागू नाही, कारण ती शिकायला आलेली नाही. पण तो नियम तिच्याइतका कोणालाच नीट समजला नाही. पाचव्या दिवशी मुले हुशार झाली. दिवसभरात कोणी मराठी बोलेना. म्हणजे कांदे सोलायला कोणी येईना. विठाबाई एकटी आणि रस्सा सत्तावीस जणांचा. तिने कढईभर दुधी करून आमच्यासमोर ठेवला. मुलांनी तो हिब्रूत खाल्ला.

सहाव्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली. मुलांपेक्षा मी सोपा, हे तिने ओळखले. सकाळी मी चहाला गेलो की म्हणायची, "आजोबा, आज रस्सा हाय. बोला कायतरी." मी मान हलवून नकार देई. मग ती भाजी निवडता निवडता स्वतःशीच बोलू लागे. अंबरनाथचे शिवमंदिर मुळात बदलापूरचे, ते तिकडच्या लोकांनी पळवले. मी गप्प. अंबरनाथची काडेपेटी ओली निघायची, तिच्या आजीने चकमक कधी सोडली नाही. मी गप्प. मग एकदा म्हणाली, "तुमच्या फ्याक्टरीत काय ओ, पाटे-वरवंटेच बनवायचे ना?"

शंकरराव, तीस वर्षे आपण माप एका केसाच्या दहाव्या हिश्शानेही हलू दिले नाही. मी सतरा वाक्ये बोललो. शेवटची तीन तर नुसत्या मापांची होती. डीबोरा दारात उभी राहून मोजत होती आणि विठाबाई पोत्याचे तोंड सोडत होती. त्या दिवशी रस्सा चांगला झाला. मुले तुमच्या नावानेही जेवली असे समजा, कारण त्यातली चार वाक्ये तुमच्या लेथबद्दल होती.

तामारचेही सांगतो. ती स्वयंपाकघरात विठाबाईजवळ बसते. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही आणि गप्पा थांबत नाहीत. आठव्या दिवशी तामारचा हात गरम झाऱ्याला लागला आणि ती म्हणाली, "आई गं!" आम्ही तिथेच सोलत बसलो होतो. डीबोराने सगळ्यांकडे पाहिले, मग उठून एक कांदा आणला आणि शिक्षिकेपुढे ठेवला. तामारने विचारले, "लामा?" म्हणजे का. डीबोराने विठाबाईकडे बोट दाखवले. तामारला तोपर्यंत आपण काय बोललो हे माहीत नव्हते. हात भाजला की माणूस असेच ओरडतो, एवढेच तिने इथे पाहिले होते. तिने हसून कांदा सोलला. मला ती गोष्ट विसरता येत नाही. आम्ही दहा दिवस बाकावर बसून जे करू पाहतो आहोत, ते तिला झाऱ्याने एका क्षणात केले.

तुम्हाला आठवते, एकदा तुमच्याकडे पौर्णिमेला वंदनेला बसलो होतो. तुम्ही पाली म्हटलीत. बाहेर आल्यावर मी विचारले, याचा शब्दाशब्दाला अर्थ काय? तुम्ही म्हणालात, आधी तुझ्या हिब्रूचा सांग. मग आपण दोघांनी चहा घेतला. मोघम अर्थ आपल्याला ठाऊक होता. कुठल्या शब्दाचा कुठला, ते विचारायचे नव्हते. इथे परवा सकाळी नाश्त्याला माझ्या शेजारचा नऊ वर्षांचा पोरगा मला म्हणाला, "साबा, लेहेम." साबा म्हणजे आजोबा. लेहेम हा शब्द माझ्या त्या आशीर्वादात आहे. पंचावन्न वर्षे मी तो चालीत म्हणत आलो. कुठे लांबवायचा ते मला माहीत आहे. त्या पोराला पाव हवा होता. मी ताटलीकडे पाहत राहिलो. पंचावन्न वर्षे शेजारी राहणाऱ्या माणसाचे नाव कळावे तसे झाले. पोराने पुन्हा मागितला तेव्हा मी पाव दिला. मग एकाएकी मला नोआचे वाटले. ती पोरगी फोन ठेवून भाकरी शोधत बसली असेल. आजोबाने आशीर्वाद दिला, आता भाकरी येणार. आलीच नाही.

आता आजचे. आज शनिवार, आमचा शब्बाथ. आज काम नाही, विस्तव पेटवायचा नाही, सोलायचे नाही, लिहायचे नाही. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे, हे तुम्हाला मीच सांगितले आहे. म्हणजे आज शिक्षा देता येत नाही. पण माफही होत नाही. ती सूर्यास्तापर्यंत पुढे ढकलली जाते. दुपारी जेवून सगळे शाळेच्या व्हरांड्यात आडवे झाले होते. मुलांनी मला गोष्ट मागितली. मी हिब्रूत सुरू केली: "एक जहाज. मोठे जहाज. समुद्र." तिथे माझी हिब्रू संपली. मुले वाट पाहत होती. सत्तावीस माणसांत आता बोलायचे काय ते मला पुन्हा कळेना, नोआच्या फोनवर झाले होते तसेच. मी मराठीत सुरू केले.

आमची जुनीच गोष्ट. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या, भांडी बुडाली, भाषासुद्धा बुडाली, एक 'शेमा' ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली, तीही अर्धी. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना जागा दिली, घाणा दिला, आणि बोलायला मराठी दिली. मी जमेल तितकी वाक्ये लांबवली. पण डीबोरा होती. शनिवारी लिहिता येत नाही म्हणून तिने चिंचोके गोळा करून ठेवले होते. माझा श्वास झाला की एक चिंचोका वाडग्यात पडे. टक. गोष्ट चालू, टक चालू. मुलांनाही कळत होते की आजोबा गोष्ट सांगत नाहीत, कांदे मागून घेत आहेत. तरी ती 'ओद पाआम' म्हणत होती. म्हणजे पुन्हा. तामार वर्गात दिवसभर हेच म्हणते. चाळीस चिंचोके झाले तेव्हा डीबोरानेच हात वर केला आणि हिब्रूत, एकेक शब्द जुळवत, विचारले: त्या चौदा जणांनी मराठी शिकताना कांदे सोलले का?

मी म्हटले, "कोकण आहे, नारळ सोलले असतील."

टक. एकेचाळीस.

संध्याकाळी मुलांनी मैदानात उभे राहून चिखलोलीच्या बाजूला तीन तारे शोधले. शब्बाथ संपला. विठाबाईने पोते आणून माझ्यापुढे ठेवले. तेव्हापासून बसलो आहे.

मला आश्चर्य याचे वाटते की मला त्रास होत नाही. साठी उलटल्यावर माणसाला नवे काही कळत नाही असे आपण फाटकाबाहेरच्या बाकावर बसून ठरवले होते. ते तपासून पाहिले पाहिजे. इथे भाषेच्या नावाला शेवटी 'ईत' लावतात. म्हणजे मराठीला ते 'मराठीत' म्हणतात. माझ्यासारख्याला हे सोयीचे आहे. हिब्रू बऱ्यापैकी यायला लागली आहे.

निकाल लागला. कुजका कांदा धरायचा, पण चांगला भाग काढून द्यायचा. अठ्ठावीस उरले. सुरी उचलतो. मुलांना आशीर्वाद (नुसता, भाकरीचा नव्हे), वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि गुडघ्याला तेल.

तुमचा,
रूबेन

ता. क. नियम बोलण्याचा आहे, लिहिण्याचा नाही, ही फट मला आज सापडली. म्हणून पत्र इतके लांबले. दहा दिवसांचे साठले होते.

ता. क. दुसरा. वर लिहिले आहे की हिब्रू बऱ्यापैकी यायला लागली. ते खरे नाही. मला सव्वीस वाक्ये येतात. त्यातली एकोणीस स्वयंपाकघरातली आहेत. आणि फोनचा विचार केला की त्यांतलीही जातात.

ता. क. तिसरा. हे पत्र ज्यासाठी लिहिले ते आता लिहितो. विठाबाईचा जावई बबन पहाटे अंबरनाथला पहिल्या पाळीला जातो, त्याच्या हाती हे पत्र तुम्हाला सकाळी सहाच्या आत मिळेल. उद्या साडेदहाला मी बदलापूर स्टेशनजवळच्या सिंध्याच्या फोनबूथमध्ये असेन. तुम्ही या. एकच स्टेशन आहे, गुडघ्याला सांभाळून या. काही करायचे नाही, माझ्या मागे उभे राहायचे. मी भाकरीचा आशीर्वाद म्हणायला लागलो तर पाठीत बोट खुपसायचे. आणि येताना खिशात एक कांदा आणा. माझे डोळे भरले तर बूथवाल्याला दाखवता येईल.

ता. क. चौथा. रविवार, सकाळी सव्वाअकरा. तुम्ही आला नाहीत. मी सव्वादहापासून रस्त्याकडे पाहत होतो, मग एकटाच आत गेलो. फोन लागला. बेनीने नोआला दिला. मी म्हणालो, साबा बोलतो आहे. मग मी म्हणालो, काल मी एकेचाळीस कांदे सोलले. हे वाक्य मला येत होते. ती म्हणाली, लामा? मी म्हणालो, मराठीत बोललो म्हणून. ती म्हणाली, मराठीत म्हणजे काय? याला माझ्याकडे हिब्रू नव्हती. मी म्हणालो, "नोआ, बाय माझी, जेवलीस का?" ती म्हणाली, ओद पाआम. मी पुन्हा म्हटले. तिने पुन्हा मागितले. तिसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर म्हणत होती. मग फोन कटला.

बूथवाला साईं रुमाल पुढे करत होता. मी माझा हात त्याच्या नाकाशी नेला. तो म्हणाला, "हां, प्याज." आणि रुमाल परत ठेवला. तुमचा कांदा लागला नाही.

शिबिर दुपारी संपणार आहे. शाळेत परत आलो आणि कांद्यांची टोपली उचलली तर खाली हे पत्र होते. वाऱ्याने उडू नये म्हणून विठाबाईने जपून ठेवले होते. बबन पत्र न घेताच पहाटे गेला. फोनवर मी तीन वाक्ये मराठीत बोललो, हे डीबोराला मीच सांगितले. तीन कांदे सोलले.